रनिंग कमी

जुनी गाडी विकायला काढलेल्या माणसाची जाहिरात कधीही वाचा, तीन गोष्टी ठरलेल्या असतात: सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी आणि रनिंग कमी. पहिल्या दोन गोष्टींची शहानिशा करणारे चिकित्सक लोक भेटतात. तिसरीवर मात्र सगळ्यांचा डोळे मिटून विश्वास. गाडी जितकी कमी चालली तितकी चांगली, हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं. या न्यायाने देशातल्या सर्वांत चांगल्या गाड्या डहाणू तालुक्यात निघायला हव्यात. इथे गाड्या हौसेने घेतल्या जातात, फडक्याने पुसल्या जातात, दसऱ्याला झेंडूच्या माळांनी सजवल्या जातात आणि उरलेलं वर्ष कव्हराखाली असतात. चालवायचं तेवढं राहून जातं.

त्यात दोष कुणाचा म्हणावा? डहाणूत गाडीने जावं इतकं लांब काही नाहीच. भाजी, औषधं, बँक, पोस्ट, सगळं इराणी रोड आणि स्टेशनच्या आसपास. गाडीचं कव्हर काढून, घडी घालून, फाटक उघडून, गाडी बाहेर काढून, फाटक लावून, मग बाजारात ती लावायला जागा शोधेपर्यंत पायी गेलेला माणूस भाजी घेऊन परत आलेला असतो. मुंबईला जायचं तर २०१३ सालापासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत येते. महामार्गाने जायचं तर आधी चारोटी गाठा आणि मग पुढे ट्रकांच्या मागे रांगेत उभे राहा. तलासरीकरांचं दुःख वेगळं. त्यांच्या उंबऱ्यावरूनच मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, पण त्यावर ट्रेलर आणि टँकरांची अशी झुंबड, की नवी कोरी छोटी गाडी घेऊन त्यात शिरण्यापेक्षा एसटी बरी वाटते. या दोन तालुक्यांतून बुलेट ट्रेन जाणार आहे, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आणि वडोदऱ्याचा द्रुतगती मार्गही इथूनच. आमच्यातून जाणारे सगळे लांबचे. आम्ही आणि आमच्या गाड्या अंगणात.

आमच्या शेजारच्या काकांची गाडी हा या पंथातला मानबिंदू. काका बँकेतून निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनी एक लहानशी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी गाडी घेतली. त्याला बरीच वर्षं झाली. मीटरवर अजून सहा हजार पुरे व्हायचेत. चैत्र पौर्णिमेनंतर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला एकदा, मुलगा सुट्टीवर आला की बोर्डीच्या किनाऱ्यावर एकदा, काकूंच्या बहिणीकडे वाणगावला अधूनमधून आणि दसऱ्याला पूजा झाली की पारनाक्यापर्यंत, नारळ फुटला म्हणून. बाकी मग घर ते स्टेशन, तेही पाऊस असेल तरच, आणि पाऊस असला की गाडी भिजेल म्हणून बहुधा नाहीच.

गाडी बाहेर निघायची तर आदल्या दिवशी आळीत कुणकुण लागते. समोरच्यांनी स्कूटर हलवून ठेवायची असते. एकाने मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायचं असतं, दुसऱ्याने ‘बास, बास’. काका हँडब्रेक सोडायला विसरतात आणि गाडी मागे का येत नाही यावर ‘येऊ द्या’वाला आणि काका यांच्यात थोडी चर्चा होते. गाडी एकदाची रस्त्याला लागली की काकू वळून फाटकाकडे बघतात. गंगेत घोडं न्हालं.

तर या गाडीचं इंजिन ऑईल किती दिवसांनी बदलायचं, हा आमच्या आळीत गेली काही वर्षं चघळला जाणारा प्रश्न आहे. वाढवण बंदराइतका मोठा नाही, पण त्यावर मत असलेले लोक तितकेच आहेत.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत उत्तर छापलेलं आहे. हल्लीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत साधारण तेच असतं: १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. काकांनी यातल्या ‘१०,००० किलोमीटर’खाली पेन्सिलने रेघ मारली आहे. पुढचं वाचलंच नाही असं कुणी समजू नये. बारीक अक्षरातल्या अटी दुसऱ्यांना वाचायला लावण्यात ज्यांची छत्तीस वर्षं गेली, त्यांच्या नजरेतून ‘जे आधी होईल ते’ सुटणं शक्य नाही. त्यांनी ते वाचलं, समजून घेतलं आणि अमान्य केलं.

गॅरेजवाला पोरगा दरवर्षी आठवण करून देतो. त्यांचा संवाद पाठ झालाय सगळ्यांना.

“काका, वर्ष झालं. ऑईल बदलायचं.”

“किलोमीटर झाले का?”

“नाही.”

“मग?”

“वर्ष झालं.”

“अरे, पण गाडी चाललीच नाही तर ऑईल खराब कसं होईल? तुझ्या दुकानात सीलबंद डबे ठेवतोस ते किती वर्षं टिकतात?”

“चार-पाच वर्षं टिकतात.”

“झालं तर! डब्यात टिकतं ते माझ्या इंजिनात का टिकू नये? माझं इंजिनही बंदच असतं.”

हा युक्तिवाद इतका बिनतोड वाटायचा, की आळीतली दोन-तीन मंडळी तेव्हाच काकांच्या बाजूला गेली. आपलं काम संपलं असं समजून पोरगा जायला निघायचा. पण एका वर्षी त्याने उंबऱ्यावरून वळून विचारलं, “काका, समजा एखाद्याने तुमच्या बँकेतून कर्ज उचललं आणि पैशाला हात न लावता तसंच कपाटात ठेवलं. वर्षाने आला आणि म्हणाला, वापरलंच नाही, तर व्याज सोडायचात?”

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तसा लेखी अर्ज द्यावा लागेल.”

पोरग्याचं म्हणणं खरं आहे आणि ते का खरं आहे हे सांगायला जरा इंजिनाच्या पोटात शिरावं लागेल. पेट्रोल जळलं की धूर होतो हे सगळ्यांना माहीत असतं; पाणी होतं हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. सकाळी गाडी चालू केली की मागच्या नळीतून थेंब टपकतात ते तेच. थोडीशी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरते, ऑईल असतं तिथे. तिच्याबरोबर अर्धवट जळलेलं पेट्रोलही उतरतं, कारण गार इंजिनाला चालू होताना पेट्रोल जरा जास्तच लागतं. इंजिन नीट तापलं, ऑईल नव्वद-शंभर अंशांच्या आसपास गेलं आणि काही वेळ तिथे राहिलं, की हे पाणी आणि पेट्रोल पुन्हा उडून जातं. ती वाफ परत इंजिनात ओढून जाळायची सोय गाडीत केलेलीच असते. वाणगावची फेरी असेल तर हे सगळं बिनबोभाट पार पडतं.

घर ते स्टेशन या फेरीत ते होत नाही. दोन किलोमीटर गेलं की इंजिन बंद. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं आपण धरून चालतो, पण तो काटा कूलंटचा. ऑईल त्याच्या बरंच मागून तापत येतं. म्हणजे पाणी उतरलं, पेट्रोल उतरलं आणि बाहेर जायला दोघांनाही वेळ मिळाला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पाण्यात जळलेल्या वायूंचे अंश मिसळून आम्ल तयार होतं. ते मारायला ऑईलमध्ये कंपनीने अल्कधर्मी द्रव्यं घातलेली असतात. ती हळूहळू खर्ची पडतात. मग उरतं नुसतं नावाचं ऑईल, ज्याच्यात पेट्रोलने पातळपणा आलाय आणि पाण्याने गंज. सीलबंद डब्यात यातलं काहीही घडत नाही, कारण डब्यात कुणी पेट्रोल जाळत नाही. काकांचा युक्तिवाद तेवढ्या एका जागी पंक्चर आहे.

पण काकांच्या हातात आणखी एक पुरावा असायचा. डिपस्टिक. ती ते महिन्यातून एकदा, रविवारी, अंघोळीनंतर काढतात. पट्टी ओढायची, जुन्या बनियनच्या फडक्याला पुसायची, परत घालायची, परत ओढायची आणि उन्हात धरायची. “बघ, सोन्यासारखं आहे.” आणि खरंच, असायचं. काळं म्हणजे खराब आणि सोनेरी म्हणजे चांगलं, हा हिशेब लोकांच्या डोक्यातून निघता निघत नाही. ऑईल काळं पडतं ते काजळी धरून ठेवण्याचं त्याचं काम ते इमानाने करतंय म्हणून. डिझेल गाडीत नवं ऑईल घालून पन्नास किलोमीटर फिरून आलात तरी काळं दिसेल, आणि ते उत्तम असतं. उलट न चालणाऱ्या पेट्रोल गाडीचं ऑईल दिसायला सोनेरी आणि आतून निकामी असू शकतं. पट्टीवर ऑईल किती आहे ते कळतं. कसं आहे ते कळत नाही.

ते कळायची एक जागा आहे आणि ती काकांनी कधी उघडली नव्हती. इंजिनाच्या डोक्यावर ऑईल ओतायचं झाकण असतं. गॅरेजवाल्या पोराने ते फिरवून काढलं आणि उलटं करून काकांपुढे धरलं. आतल्या बाजूला, आट्यांच्या कडेने, फिकट बदामी रंगाचा चिकट लगदा बसला होता. त्याने तो करंगळीच्या नखाने खरवडला, अंगठ्यावर घेऊन चोळला. लगदा पसरला आणि मध्ये पाण्याचे बारीक मणी चमकले. वास घ्यायला त्याने अंगठा काकांच्या नाकाजवळ नेला. काकांनी मान मागे घेतली, पण पेट्रोलचा वास आम्हा मागे उभ्या असलेल्यांनाही आला. काकू दारातून म्हणाल्या, “अगंबाई, हे आत कुणी घातलं?”

या लगद्याचा अर्थ इंजिन गेलं असा मुळीच नाही. कूलंटची पातळी खाली येत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा हेड गॅस्केटची शंका घ्यावी. नाहीतर तो फक्त एवढंच सांगतो की या गाडीला पुरेसं तापूच दिलेलं नाही. आमच्याकडची हवा त्यात आपला वाटा उचलतेच. डहाणूला हवामान खात्याची वेधशाळा आहे. बातम्यांत आमच्या गावाचं नाव तापमान, पाऊस आणि दमटपणा यांच्यासाठी नियमाने येतं. समुद्र हाकेवर. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी चढते, तिथे इंजिनाच्या आतल्या मोकळ्या लोखंडाने कोरडं राहावं ही अपेक्षा जास्तच.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग रोज पाच मिनिटं चालू करून ठेवावी. हा उपाय घोलवड-बोर्डीच्या वाड्यांमध्ये फार लोकप्रिय आहे. मुंबईचे, आणि मुंबईहून अमेरिकेला गेलेले, बरेच लोक इथे चिकूच्या वाडीत बंगला बांधून ठेवतात. बंगल्यात एक गाडी ठेवतात. आणि गाडीवर लक्ष ठेवायला एक माणूस. त्याला सक्त ताकीद असते, ‘रोज सकाळी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवायची.’ तो बिचारा सांगितल्याप्रमाणे करतो. काही शेठ तर व्हिडिओ कॉलवर इंजिनाचा आवाज ऐकून मगच न्यू जर्सीत झोपतात.

ही जी रोजची पाच मिनिटं आहेत ना, त्यांच्याइतकं गाडीचं वाटोळं दुसरं काही करत नाही. गार इंजिन चालू केलं, भरपूर पेट्रोल प्यायलं, पाणी तयार झालं, ऑईल कोमट व्हायच्या आत बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सेल मारताना बॅटरीतून जे गेलं ते जागेवर पाच मिनिटं उभं राहून भरून येत नाही, त्यामुळे काही महिन्यांनी बॅटरीही उतरते. रोग परवडला पण औषध नको. याच्यापेक्षा गाडी दोन महिने अजिबात चालूच केली नाही तर इंजिन ऑईलला फारसा धक्का लागत नाही. आणि चालू करायचीच असेल तर मग चांगली अर्धा तास रस्त्यावर न्यावी. अर्थात गाडी रस्त्यावर न्यायला त्या माणसाला परवानगी नसते. शेठचा जीव तुटतो. रनिंग वाढेल.

काकांच्या तलासरीच्या मेहुण्यांची गाडी याहून स्थितप्रज्ञ. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-दापचरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसायला लागले, आणि ते एक-दोन दिवसांचं प्रकरण नव्हतं. थंडीच्या दिवसांत लोक घराबाहेर तंबूत झोपले. हसण्यावारी नेण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण माणूस कशातही हसतो. रात्री धक्का बसला की मेहुण्यांच्या अंगणातल्या गाडीचा सायरन वाजू लागे, आणि मग ते उशिरा रात्री काकांना फोन करून सांगत, “आज गाडी हलली हो.” काका विचारत, “किती?” तेव्हाही काकांचा प्रश्न रिश्टरचा आहे की किलोमीटरचा, हे मेहुण्यांना विचारून घ्यावं लागे.

या सगळ्यांत गाडीशी सरळ वागणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो इराणी बावाजी. डहाणू ते बोर्डी हा पट्टा पारशी-इराणी वाडीवाल्यांचा. इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो चिकू यांच्याच पूर्वजांनी नावारूपाला आणला. बावाजींच्या वाडीत पद्मिनी आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, म्हणजे ज्या कारखान्यातून अशी गाडी बाहेर पडून आता पाव शतक होईल. बावाजी तिला रविवारी सकाळी काढतात. डहाणूहून समुद्राच्या कडेने बोर्डी, तिथे कुणाकडे तरी चहा, आणि परत. येऊन-जाऊन तीस-पस्तीस किलोमीटर. मधे कुठे इंजिन बंद करत नाहीत, निदान तापेपर्यंत तरी नाही. “इंजिन गरम झालं पाहिजे, पुरेपूर गरम,” ते म्हणतात. “अर्धं गरम म्हणजे थंडच.” ऑईल दरवर्षी बदलतात. पारशी नववर्ष ऑगस्टमध्ये येतं, पण ऑईल ते पावसाळा संपल्यावर बदलतात, कारण पावसाळ्यातली ओल जुन्या ऑईलबरोबर बाहेर जाते आणि नवं ऑईल कोरड्या दिवसांत सुरुवात करतं. इंजिनाच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसेल, पण मला यात काही चूक दिसत नाही. वर्षातून एकदा बदलायचंच आहे, तर मे महिन्यात बदलून पावसाळ्यात भिजवण्यापेक्षा दसऱ्याच्या आधी बदलावं. आपल्याकडे गाडीची पूजा त्याच दिवशी असते. नुसत्या बॉनेटला हळदकुंकू लावण्यापेक्षा ते उघडून आत बघितलं तर शास्त्र मोडणार नाही.

आता उलट टोक. तलासरीजवळ महामार्गाच्या कडेला ट्रकांची गॅरेजं आहेत. मेहुण्यांनी एकदा आपली गाडी तिथे नेली. मिस्त्रीने मीटर बघितलं, मग मेहुण्यांकडे बघितलं, मग पुन्हा मीटर बघितलं. “केबल तुटली होती काय?” त्याने विचारलं. त्याच्याकडे येणारे ट्रक मुंबई-अहमदाबाद करतात, जायचे पाचशे आणि यायचे पाचशे. मेहुण्यांची पाच वर्षं म्हणजे त्यांचा पंधरवडा. आणि गंमत अशी की हल्लीच्या ट्रकांचं ऑईल चाळीस हजार किलोमीटरच्याही पुढे जातं, कारण ते दिवसरात्र गरम असतं. ओल धरायला फुरसतच मिळत नाही. मिस्त्रीच्या लेखी मेहुण्यांच्या गाडीला कामच नव्हतं, म्हणून तिचीच जास्त काळजी घ्यायला हवी होती. मेहुण्यांना हे पटवायला त्याला चहा मागवावा लागला.

दुसरीकडे, गॅरेजवाल्यांचं सगळंच मान्य करावं असंही नाही. ‘सर, सहा महिने झाले’ असा फोन येतो तेव्हा फोन ठेवावा. पुस्तिकेत वेगळं लिहिलं नसेल तर वर्षातून एकदा हे पुरेसं आहे. सिंथेटिक ऑईल असेल आणि प्रत्येक फेरी लांबची असेल, तर वर्षानंतरही ते चांगलं असू शकतं. प्रयोगशाळेत तपासलं तर कळेलही. पण एका लहान गाडीत तीन-साडेतीन लिटर ऑईल बसतं, फिल्टर धरून दोन-अडीच हजारांत काम होतं. तपासणी करत बसण्यापेक्षा बदलून मोकळं व्हावं. गाडी वॉरंटीत असेल तर प्रश्नच मिटला, कंपनी तारीख बघते. ‘इंजिन फ्लश करून घेऊ’ म्हटलं तर नको म्हणावं. ऑईल कुठलं, तर पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं. ‘आपल्याकडे गरमी, जाड घाला’ हा सल्ला पद्मिनीच्या काळी ठीक होता. आताची इंजिनं पातळ ऑईल गृहीत धरून बनवलेली असतात.

ऑईल बदललं म्हणून न चालणाऱ्या गाडीची बाकीची दुखणी जात नाहीत, ती वेगळी. टायर एका जागी उभं राहून चपटे होतात. ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. पेट्रोल शिळं होतं, आणि आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने ते हवेतली ओल जास्त सहज ओढून घेतं. शिवाय चिकूच्या वाडीतले उंदीर. त्यांच्या दृष्टीने बॉनेटखालची जागा म्हणजे पाऊस लागत नाही, मांजर शिरत नाही आणि वायरी दाताला छान. काकांनी डांबरगोळ्या ठेवून बघितल्या. उंदरांनी त्या बाजूला सारून घर केलं.

मग काकांना गाडी चालवायला लावलं कशाने? त्या पुस्तिकेने नाही, गॅरेजवाल्या पोराने नाही, झाकणाखालच्या लगद्यानेही नाही. गुजरातने. सीमेपलीकडे पेट्रोल गेली काही वर्षं लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त आहे. तलासरीचे लोक आच्छाड ओलांडून भिलाडकडे टाकी भरायला जातात हे काकांना ऐकून माहीत होतं. डहाणूहून बोर्डी, झाई करत उंबरगावला जाता येतं हे कुणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिलं. काकांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. पंचवीस लिटरला दोनशे-अडीचशे रुपये वाचतात. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, म्हणजे साडेतीन-चार लिटर पेट्रोल, साडेतीनशेच्या पुढे खर्च. काकूंनी तो कागद वाचून म्हटलं, “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.” काका म्हणाले, “तत्त्वाचा प्रश्न आहे.”

तेव्हापासून महिन्यातून एकदा काका-काकू उंबरगावला जातात. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला, समुद्र डाव्या हाताला, येताना उजव्या. टाकी भरून घेतात, काकू तिथून फरसाण आणतात, त्यामुळे हिशेब आणखी बिघडतो. पण इंजिन पुरेपूर गरम होतं. बॅटरी भरते. डिस्कवरचा गंज ब्रेकनेच घासून निघतो. उंदीर बिऱ्हाड सोडून शेजारच्या स्कूटरमध्ये गेलेत. पुढच्या खेपेला पोराने झाकण उलटं केलं तेव्हा आतली बाजू नुसती तेलकट निघाली. काकांनी त्याचं श्रेय गुजरातच्या पेट्रोलच्या दर्जाला दिलं आणि पोराने वाद घातला नाही.

दसऱ्याच्या आधी काकांनी ऑईल बदलून घेतलं. जुनं ऑईल त्यांनी रिकाम्या कॅनमध्ये परत मागून घेतलं, कारण पैसे देऊन घेतलेली वस्तू सोडायची नाही. जळक्या ऑईलला आमच्याकडे मागणी असते. वाडीचं फाटक, कुंपणाचे खांब, पंपाच्या खोलीची चौकट, वाळवी लागू नये म्हणून सगळ्याला जळकं ऑईल फासायची पद्धत आहे. खरं तर ते धोकादायक कचऱ्यात मोडतं, ते गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडेच जायला हवं. विहिरीजवळ सांडलं तर पाणी गेलं, आणि डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. मी हे आळीत बोलून बघितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि ब्रश शोधायला गेले.

समोरच्यांनी कॅनचं झाकण उघडून आत बघितलं. फाटकाच्या एका फळीवर ब्रशाने एक पट्टा ओढला. मागे सरून, मान तिरकी करून बघितला. मग कॅन काकांच्या ओट्यावर परत आणून ठेवला.

“काका, हे तर अजून पिवळंच आहे. याला वाळवी कशाला घाबरतेय? पुढच्या वर्षी जरा चालवून द्या.”